पडतो, पण पोचत नाही

जानेवारीत परभणीकडे हुरड्याला गेलं की आगटीतून काढलेलं कणीस चोळताना हात भाजतो, लसणाची चटणी जास्त खाल्ली जाते आणि शहरातून आलेल्यांपैकी कुणीतरी न पेलणारा विषय काढतो. यंदा मानवतजवळच्या एका शेतात हा मान दहा वर्षांच्या भाच्याने पटकावला. दुपार उतरणीला लागली होती. पूर्वेकडे अर्ध्याहून जरा मोठा, फिकट चंद्र वर आला होता. त्याच्याकडे बोट करून भाच्याने विचारलं, "मामा, हा पडत का नाही?"

आमच्यात एक इंजिनिअर होते. हातातली मूठ तोंडात टाकायच्या आधीच त्यांनी उत्तर देऊन टाकलं: पृथ्वी चंद्राला आत ओढते, केंद्रोत्सारी बल त्याला बाहेर ढकलतं, दोन्ही सारखी, म्हणून तो अधेमधे राहतो. मीही मान डोलावली. आमच्या पिढीने हेच लिहून दोन मार्क घेतलेले आहेत. भाचा थोडा वेळ दाणे निवडत बसला आणि म्हणाला, "दोन्ही सारखीच असली, तर मग तो वळतो कशाला?"

याला उत्तर इंजिनिअरकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. रस्सीखेचीत दोन्हीकडचा जोर सारखा असला की दोर जागचा हलत नाही. चालत्या वस्तूवरची बळं एकमेकांना फेडून टाकत असतील, तर ती वस्तू आहे त्या वेगाने नाकासमोर जात राहते. हा न्यूटनचा पहिला नियम आहे आणि तोही आम्ही पाठच केला होता. चंद्रावरची बळं खरोखर सारखी असती, तर तो केव्हाच सरळ रेषेत निघून गेला असता. म्हणजे चंद्राला जागेवर ठेवणारं म्हणून जे उत्तर आम्ही तीस-चाळीस वर्षं सांगत आलो, तेच त्याला घालवून देणारं होतं.

बरोबर उत्तर समोरच्या माळ्यावर उभं होतं. शेताचे मालक आबा पाखरं राखत होते. हातात सुताची वेणी घातलेली गोफण, मध्ये खड्यापुरती विणलेली पट्टी, एका टोकाचा फास बोटात, दुसरं टोक चिमटीत. डोक्यावर दोन फेरे, चिमूट सुटते, दोरीचा फटका वाजतो आणि शंभर पावलांवरच्या ताटांतून पाखरांचा थवा उठतो. इंजिनिअरांनी हौसेने गोफण मागितली, तेव्हा आबांनी एकच सूचना केली. "खडा समोर आल्यावर सोडू नका. समोर आल्यावर सोडाल तर डाव्या अंगाला जाईल. उजव्या अंगाला असतानाच सोडायचा, मंग तो समोर जातो बघा."

यात सगळं आलं. खड्याला बाहेर ढकलणारं बळ असतं, तर चिमूट सुटताच तो हातापासून थेट बाहेर, म्हणजे ज्या बाजूला आहे त्याच बाजूला गेला असता. तसं होत नाही. तो त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, वर्तुळाला स्पर्श करून, सरळ जातो. दोरी त्याला फक्त सतत आत ओढत होती, आणि त्या ओढीमुळे त्याचं सरळ जाणं दर क्षणी थोडं थोडं वाकत होतं. बोटाला जाणवतो तो बाहेरचा हिसका बोटाला बसतो, खड्याला बसत नाही. आता गिरक्या घेणाऱ्या पाळण्यात स्वतः बसून हिशेब केला, तर केंद्रोत्सारी बल मांडावं लागतं आणि तसा हिशेब बरोबरही येतो, कारण त्या पाळण्यातून पाहिलं तर माणूस स्थिर असतो आणि जत्रा फिरत असते. नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळामागे पाठवलं तेव्हा औंढ्याचं देऊळच फिरलं, अशी कथा आहे. कोण फिरलं हे कुठे बसून पाहिलं यावर असतं. पण बाहेर धुऱ्यावर उभं राहून चंद्राकडे पाहणाऱ्याला ते दुसरं बळ मांडायचा अधिकार नाही.

परभणी जिल्ह्यात बसून हा प्रश्न विचारणारा भाचा काही पहिला नव्हे. हुरड्याच्या त्या शेतापासून फार दूर नाही अशी पाथरी. जुन्या ग्रंथांत तिचं नाव पार्थपूर. तिथे नागनाथाचा मुलगा ज्ञानराज याने शके १४२५ मध्ये, म्हणजे १५०३ साली, 'सिद्धान्तसुंदर' नावाचा ज्योतिषग्रंथ रचला. कोपर्निकसचा ग्रंथ छापून यायला अजून चाळीस वर्षं होती. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती आणि अहमदनगरचे निजामशहा तिच्यावर डोळा ठेवून होते, कारण त्यांच्या घराण्याचं मूळ गाव ते. गाव कुणाचं यावर लढाया होत होत्या आणि गावात हे कुटुंब ग्रहांची गणितं करत होतं. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका लिहिल्या, शिवाय सरळ वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची कथा निघावी असं अख्खं काव्य रचलं. खुद्द ज्ञानराजाला ग्रहगणिताच्या पुस्तकात ऋतुवर्णनाचा एक अध्याय घालावासा वाटला. असले लोक! शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त या मंडळींची नोंद मराठीत करून ठेवली. सिद्धान्तसुंदरचं इंग्रजी भाषांतर मात्र टोके क्नुडसेन यांनी केलं आणि ते २०१४ साली अमेरिकेत छापलं गेलं. त्यानंतर सहा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, पाथरीचं नाव महाराष्ट्रभर झालं ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादावरून. त्यापायी शिर्डी बंद राहिली. ज्ञानराजाच्या जन्मस्थानासाठी कुणी एक टपरीही बंद ठेवणार नाही.

ज्ञानराजाचं भांडण भास्कराचार्यांशी होतं. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्य म्हणतात की पृथ्वीला आधार लागत नाही. शेष धरतो म्हणाल तर शेषाला कोण धरतो, त्याला धरणाऱ्याला कोण, असं किती मागे जाणार? शेवटी कुणीतरी स्वतःच्या शक्तीवर राहणारच असेल, तर तो मान पृथ्वीलाच का देऊ नये? पृथ्वीत आकर्षण आहे, जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला त्या पडल्याशा वाटतात. खुद्द पृथ्वीने पडायचं कुठे, आकाश तर चहूकडे सारखंच. युक्तिवाद इतका सुरेख आहे की न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आमच्याकडे हे होतं, असा निरोप वर्षातून दोनदा तरी प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो. पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं, की हाच युक्तिवाद साडेतीनशे वर्षांनी त्याच परंपरेत, त्याच संस्कृतात, आपल्याच पाथरीत नाकारला गेला?

ज्ञानराजाला पृथ्वी गोल आहे हे मान्य होतं, गणित मान्य होतं. पुराणांतले शेष-कूर्म काढून टाकणं मात्र मान्य नव्हतं. त्याचा दाखला मोठा चित्रमय आहे. गिधाडाची ताकद ती केवढी, तरी ते चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहतं. मग ज्याच्या शक्तीची कल्पनाही करवत नाही, त्या देवाने कूर्मरूपाने पृथ्वीला कल्पभर धरून ठेवलं, तर त्यात अशक्य काय?

आपण हसतो. हसायला हरकत नाही, पण दाखला कुठून आला ते पाहा. हा माणूस उन्हात आभाळाकडे बघत उभा राहिलेला आहे. गिधाडं आता तशी दिसत नाहीत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने ती गेली आणि त्या औषधावर बंदी आली तेव्हा २००६ साल उजाडलं होतं. पण घारी आहेत. पंख न हलवता घिरट्या घालणारी घार नीट पाहावी. ती हवेत टेकलेली नसते. आसपासच्या हवेतून ती सारखी खाली घसरत असते. तापलेल्या रानावरून हवा तिच्या घसरण्याहून जलद वर चढत असते, म्हणून ती खाली येत नाही. ज्ञानराजाने 'धरून ठेवण्या'साठी निवडलेलं पाखरू प्रत्यक्षात प्रहरभर पडत होतं. चंद्राला कसली वर चढणारी हवा नाही, तेव्हा ही तुलना पुढे ओढण्यात अर्थ नाही. पण पडत असूनही खाली न पोचणं अशी एक अवस्था असते, हे पाथरीच्या आभाळात रोज दिसत होतं.

भास्कराचार्यांचा पक्ष घेणाऱ्यांनीही फार फुशारू नये. पृथ्वी कशी राहते याला त्यांनी उत्तर दिलं. ग्रह-तारे रोज कोण फिरवतं असं विचारलं, तर त्यांच्याकडेही प्रवह वायूच होता. युरोपातही अशीच गत. ग्रह फिरायचा तर कुणीतरी तो फिरवत असला पाहिजे, ही समजूत दोन हजार वर्षं टिकली. आणि तिने कुणाचं अडलंही नाही. पार्थपुरात ग्रहण वर्तवणारा कूर्मावर विश्वास ठेवो की न ठेवो, गणित तेच होतं. गणित बरोबर आलं म्हणजे कारणही बरोबर, असं धरून चालणारे ज्योतिषी पूर्वी होते तसे परीक्षक आज आहेत. दोन मार्क आम्हाला मिळालेच होते.

गाठ सुटली ती सतराव्या शतकात, आणि ती प्रश्न बदलून सुटली. चालतं ठेवायला कुणी लागत नाही. वळवायला मात्र कुणीतरी लागतं. १६७९ साली रॉबर्ट हूकने न्यूटनला पत्र लिहून सुचवलं, की ग्रहाची गती दोन गोष्टींची जोड म्हणून पाहा: एक सरळ पुढे जाणं आणि दुसरं मध्याकडे ओढलं जाणं. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने त्याचं गणित बांधून दिलं.

ते गणित आगटीशेजारी बसून करता येतं, आम्ही केलं. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणजे तिथे ती इथल्या छत्तीसशेव्या हिश्शाएवढी. माळ्यावरून सोडलेला खडा पहिल्या सेकंदात जवळजवळ ४.९ मीटर पडतो (माळा तेवढा उंच नसतो, पण ते सोडा). त्याला ३६०० ने भागलं की येतात १.३६ मिलीमीटर. एका सेकंदात चंद्र एवढाच पृथ्वीकडे पडतो. ज्वारीच्या दाण्याचा तिसरा हिस्सा धरा. इथे पिकणाऱ्या 'परभणी मोती'चा टपोरा दाणा घेतला तर त्याहूनही कमी. त्याच सेकंदात चंद्र आडवा जातो साधारण एक किलोमीटर. आता चंद्राच्या कक्षेएवढं वर्तुळ काढा आणि त्यावर एक किलोमीटर पुढे जा. सरळ रेषेपासून वर्तुळ किती वाकलं? तेच, १.३६ मिलीमीटर. जेवढा पडला तेवढीच वाट खाली वळली, म्हणून अंतर होतं तेवढंच राहिलं. पुढच्या सेकंदात पुन्हा तेच. इंजिनिअरांनी मोबाईलवर दोनदा ताळा पाहिला. त्यांना आनंद झाला की राग आला ते कळलं नाही.

म्हणजे चंद्र पडतो. जन्मल्यापासून पडतोच आहे. खाली पोचत नाही, कारण पडता पडता तो बाजूला सरकतो. (कक्षा नेमकी वर्तुळाकार नाही, थोडी लांबट आहे. चंद्र कधी जरा जवळ येतो तेव्हा वेग वाढतो, लांब जातो तेव्हा कमी होतो. मूळ गोष्ट तीच.) आबांच्या गोफणीतूनही हे करता येईल. पृथ्वीची पाठ आठ किलोमीटरला पाचेक मीटर वाकते आणि खडा सेकंदाला तेवढाच पडतो, तेव्हा हवा नसेल तर सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने आडवा मारलेला खडा कधीच जमिनीला लागणार नाही. परभणीहून पाथरीला पाच सेकंदांच्या आत पोचेल असा तो वेग आहे. दीडेक तासाने खडा मागून येऊन मारणाऱ्याच्याच पाठीत बसेल. उपग्रह म्हणतात तो हाच.

इथेच आणखी एक समजूत जाळून टाकण्यासारखी आहे. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात गेले. तिथे तरंगणारी माणसं दिसली की तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं बिनदिक्कत सांगितलं जातं. स्थानक असतं चारशे किलोमीटरवर. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. ओढ नसती तर स्थानक गोफणीतल्या खड्यासारखं सुटून गेलं असतं. माणसं तरंगताना दिसतात, कारण माणूस, त्याचा पेला, पेल्यातलं पाणी आणि भिंती सगळं एकाच वेळी, एकाच चालीने पडत असतं. एकमेकांना टेकायला कुणी उरत नाही.

भाच्याचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता: मग पहिल्यांदा त्याला बाजूला ढकललं कुणी? ग्रहांपुरतं उत्तर असं, की साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्यमाला ज्या वायू-धुळीच्या ढगातून झाली तो ढगच गिरकत होता. त्यातल्या ज्या कणांना पुरेशी आडवी चाल नव्हती, ते सूर्यात जाऊन पडले. त्यांची नावं कुणी ठेवली नाहीत. ज्यांच्याकडे ती होती ते उरले, त्यांचेच गोळे झाले, आणि त्यांच्यापैकी एकावर बसून आपण विचारतो की हे इतकं नेमकं कसं जुळून आलं. चंद्र बहुधा पृथ्वीवर आदळलेल्या एखाद्या मोठ्या गोळ्याच्या ढिगाऱ्यातून झाला. पृथ्वीभोवती त्याच्यापुरतीही हीच चाळणी लागली.

कक्षा अढळ असतात, ध्रुवाच्या गोष्टीतल्यासारख्या, हा भ्रमही सोडलेला बरा. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने लांब चालला आहे. १९६९ पासून चांद्रवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजलेलं आहे. मंगळाचा फोबोस उलट जवळ येतो आहे आणि काही कोटी वर्षांत फुटून जाईल. शिवाय एकमेकांभोवती फिरणाऱ्या कुठल्याही दोन गोळ्यांची कक्षा गुरुत्वीय लहरींपायी झिजतच असते. सूर्य आणि पृथ्वीची जोडी अशा लहरींतून दोनशे वॉट गमावते, म्हणजे शंभरचे दोन बल्ब. ही गळती पकडायला महावितरणही जाणार नाही. पण सूर्याच्या तीसेक पट वजनाची दोन कृष्णविवरं घ्या. ती याच गळतीने जवळ येत येत शेवटी एकमेकांत पडतात. पडून पोचतात. अशा एका पोचण्याची थरथर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी टिपली. चार किलोमीटर लांबीच्या नळीत प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाएवढा फरक पडला होता.

तसंच यंत्र आता औंढा नागनाथ तालुक्यात उभं राहायचं आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. औंढा आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण हिंगोली जिल्हाच १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तेव्हा आबांसारख्या जुन्या माणसाच्या तोंडी ते अजून परभणीचंच असतं. देऊळ फिरल्याची कथा जिथे सांगतात त्याच तालुक्यात, कृष्णविवरांच्या शेवटच्या फेऱ्या मोजायला चार-चार किलोमीटरचे दोन हात काटकोनात पसरले जातील. तिथून पाथरीची ज्ञानराजाची गढी किंवा घर शोधायला कुणी येईल असं मला वाटत नाही. पण येणाऱ्याने त्याच्या गिधाडाची गोष्ट ऐकलेली असावी, एवढी अपेक्षा धरायला काय हरकत आहे? निदान औंढ्याच्या आसपासच्या शाळांत तरी बळं सारखी असतात हे उत्तर द्यायचं बंद व्हावं. त्याला २,६०० कोटी लागत नाहीत. सुताची गोफण लागते, आणि मोकळं रान.

आबांना मी शेवटी विचारलं, चंद्र पडतो म्हणतात, तुम्हाला पटतं का? त्यांनी वर पाहिलं, मग ज्वारीकडे पाहिलं. "पडंना का. आपल्या रानात न्हाई पडला म्हंजी झालं."

ऊन कलल्यावर भाच्याने गोफण घेतली. उजव्या अंगाला, उजव्या अंगाला, असं आम्ही तिघं तीन बाजूंनी ओरडत होतो. त्याने तीन फेरे घेतले आणि चिमूट सोडायला उशीर केला. खडा डावीकडे जाऊन शेजारच्या आखाड्याच्या पत्र्यावर आदळला. पाखरं मात्र सगळी उठली.